हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं व्हिटॅमिन डी कमी आलं, तर काय करायचं आणि काय टाळायचं

हृदयाचं पंपिंग (इकोवरचा 'इजेक्शन फ्रॅक्शन') २०-२५ टक्क्यांवर आलेलं, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी धाप. अशा रुग्णाच्या फाइलमध्ये व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट असेल तर तो बहुधा कमीच असतो: १४, ११, कधी ८. समोर 'डेफिशियंट' असं छापलेलं बघून घरातलं कुणीतरी त्याच संध्याकाळी मेडिकलमधून ६०,००० युनिटच्या पुड्या घेऊन येतं. पुड्या आणूच नयेत असं नाही. पण आधी काय तपासायचं, किती द्यायचं आणि त्यातून कसली अपेक्षा धरायची नाही, हे ठरवल्याशिवाय पहिली पुडी फोडू नये.

आकडा नेमकं काय सांगतो

हार्ट फेल्युअरमध्ये ज्यांची डीची पातळी खालावलेली असते त्यांना वारंवार ॲडमिट व्हावं लागतं आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं, हे अनेक पाहण्यांत दिसलेलं आहे. त्यावरून 'डी वाढवलं की हृदय सुधारेल' असं वाटणं साहजिक आहे. २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे जीवनसत्त्व रेनिनला (मूत्रपिंडातून निघणारं, रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारं द्रव्य) लगाम घालतं असं दिसलं, तेव्हा आशा आणखी वाढली. कारण रेनिनपासून सुरू होणारी साखळी रोखणं हाच हार्ट फेल्युअरच्या अर्ध्या औषधांचा उद्योग आहे.

पण पातळी घसरते का, तेही बघायला हवं. रुग्ण उन्हात जात नाही. भूक मेलेली असते. आतड्यांना सूज असल्यामुळे स्निग्ध पदार्थ आणि त्यांत विरघळणारी जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. डीवरची पहिली प्रक्रिया यकृतात होते, तिथे रक्त तुंबलेलं. दुसरी मूत्रपिंडात, तिथे रक्तपुरवठा तोकडा. शिवाय दीर्घकाळच्या दाहानेही आकडा खाली जातो. म्हणजे आजार जितका पुढे सरकलेला, तितकी पातळी खाली. ती आजाराचं कारण असण्यापेक्षा त्याची खूण असण्याची शक्यता जास्त.

हे प्रत्यक्ष औषध देऊन तपासलं गेलं आहे. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे जर्मनीतली 'एविटा', २०१७ साली प्रसिद्ध झालेली. पातळी ३० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं रोज ४,००० युनिट डी३ दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. मृत्यू डीच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात १७.९ टक्के, म्हणजे फायदा नाही. आणि हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप बसवण्याची वेळ डीच्या गटात १५.४ टक्क्यांवर आली, दुसऱ्यात ९ टक्क्यांवर. हा दुसरा आकडा चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यामुळे 'डीमुळे हृदय बिघडतं' असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण रोजचे ४,००० वर्षानुवर्षं घेत राहण्याआधी थबकायला तो पुरेसा आहे.

२०१६ ची ब्रिटनमधली 'व्हिंडिकेट' थोडी वेगळं सांगते. पातळी २० च्या खाली असलेल्या सुमारे सव्वादोनशे रुग्णांमध्ये वर्षभर रोज ४,००० युनिट दिल्यावर पंपिंग सरासरी सहा टक्के अंकांनी सुधारलं, पण सहा मिनिटांत चालून जाण्याचं अंतर वाढलं नाही. इकोच्या कागदावर सुधारणा आणि जिन्यावर तीच धाप, असा हा मामला. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त सर्वसाधारण लोकांवर झालेल्या 'व्हायटल'मध्ये रोज २,००० युनिटने हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट होणं टळलं नाही. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की, खरी कमतरता भरून काढण्यापलीकडे अशा रुग्णांना जीवनसत्त्वं देऊ नयेत.

मग कमतरता भरायची कशासाठी? हाडांसाठी, स्नायूंसाठी, रक्तातलं कॅल्शियम जागेवर राहावं म्हणून. कारणं भक्कम आहेत. फक्त ती हृदयाची नाहीत. डी सुरू केलं म्हणून हृदयाची एकही गोळी कमी करायची नाही.

तपासणीसाठी रक्त द्यायला जाण्याआधी

तपासणी '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' याच नावाची हवी. '१,२५' नावाची दुसरी एक तपासणी असते, महागही असते, आणि कमतरता ओळखायला ती निरुपयोगी आहे: डी कमी झालं की पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढतं आणि १,२५ चा आकडा नॉर्मल किंवा जास्तच दिसतो. उपाशीपोटी जायची गरज नाही.

रुग्ण अंगभर सूज घेऊन ॲडमिट असताना ही तपासणी करू नका. अंगातलं जादा पाणी आणि तीव्र आजार, दोन्हींमुळे आकडा आहे त्यापेक्षा कमी येतो. सूज उतरली, वजन दोनेक आठवडे स्थिर राहिलं, की मग करा.

केसांसाठी बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशिनांवर बायोटिनमुळे डीचा आकडा खोटा वाढलेला येतो. हृदयाच्या रुग्णात याहून मोठा घोळ म्हणजे त्याच रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारं) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारं) खोटं कमी येऊ शकतं. सून केसांसाठी घेते त्या गोळ्या सासूबाईंनाही सुरू झालेल्या असतात, आणि ते कुणी सांगत नाही, कारण ते 'औषध' वाटतच नाही.

सोबत याच वेळी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), फॉस्फरस, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि मॅग्नेशियम करून घ्या. मॅग्नेशियम विसरू नका. पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्यांमुळे ते लघवीतून वाहून जातं, आणि ते कमी असेल तर कितीही कॅल्शियम-डी दिलं तरी कॅल्शियम वर येत नाही. पातळी १० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पॅराथायरॉइड हार्मोनही बघावं लागतं.

एक आडवळण, पण पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचं: डी आणि लोह यांपैकी एकच तपासणी परवडणार असेल, तर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करा. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, असं असेल तर शिरेतून दिलेल्या लोहाने पंपिंग कमी असलेल्या रुग्णांना चालण्याची ताकद येते आणि ॲडमिट होणं कमी होतं, याला चाचण्यांचा आधार आहे. लोहाच्या गोळ्यांनी मात्र ते साधत नाही. डीच्या बाबतीत असा पुरावा हाती आलेला नाही.

रिपोर्ट वाचताना

आधी एकक बघा. आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. मुलगा लंडनला किंवा दुबईला असेल आणि रिपोर्ट तिकडचा असेल, तर तो नॅनोमोलमध्ये असू शकतो. त्याला अडीचने भागा. तिकडचे ५० म्हणजे आपले २०. ४५ बघून निर्धास्त झालेल्या माणसाची खरी पातळी १८ असते.

२० च्या खाली म्हणजे कमतरता, यावर बहुतेकांचं एकमत आहे. २० ते ३० या पट्ट्यावर वाद आहे. २०११ साली एका मोठ्या संघटनेने ३० चं उद्दिष्ट दिलं होतं, २०२४ मध्ये तिनेच ते मागे घेतलं. लॅबच्या छापील कागदावर मात्र '३० ते १००' अजून तसंच आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात २४ आकडा आला तर त्यासाठी पुड्यांचा कोर्स काढण्याची गरज आम्हाला दिसत नाही. १२ च्या खाली असेल तर मात्र भरून काढायलाच हवं.

आता कॅल्शियम, आणि इथे घाई करू नका. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून असतं, आणि या रुग्णांचं अल्ब्युमिन बहुतेक वेळा घसरलेलं. म्हणून आकडा दुरुस्त करून वाचायचा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, त्याला ०.८ ने गुणा, येईल ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन २.८ आहे. ४ वजा २.८ म्हणजे १.२, गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, दुरुस्त कॅल्शियम ८.९६, म्हणजे नॉर्मल. हाच हिशेब उलटाही अंगावर येतो: कागदावर १०.२ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर खरं कॅल्शियम ११.४. कागदावर लाल खूण नसते आणि रुग्णाला डी द्यायचं नसतं. शंका राहिली तर आयोनाइज्ड (अल्ब्युमिनला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम करून घ्या.

किती द्यायचं

मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० ते ८०० युनिट आहे आणि देखरेखीशिवाय घेण्याची वरची मर्यादा ४,०००. रोज १,००० युनिट घेतले तर दोन-तीन महिन्यांत पातळी साधारण ६ ते १० ने वाढते. वजन जास्त असेल तर कमी वाढते, कारण डी चरबीत जाऊन बसतं.

आपल्याकडचा ठरलेला कोर्स म्हणजे आठवड्याला ६०,००० ची एक पुडी, आठ आठवडे. ६०,००० ला ७ ने भागलं की रोजचे साडेआठ हजार होतात, म्हणजे 'एविटा'तल्या डोसच्या दुपटीहून जास्त. आठ आठवड्यांपुरतं, पातळी खूप खाली असलेल्या रुग्णाला, कॅल्शियमवर नजर ठेवून ते चालतं. कोर्स संपल्यावर कुणी थांबवलंच नाही की घोटाळा सुरू होतो. पुढे महिन्याला एक पुडी दिली तर ते रोजच्या २,००० युनिटइतकं पडतं, आणि तेवढं पुष्कळ झालं. पातळी १२ ते २० मध्ये असेल तर मोठ्या पुड्यांच्या भानगडीत न पडता रोज १,००० ते २,००० ची गोळी जास्त सुरक्षित: बदल हळू होतो, आणि काही बिघडलं तर पटकन थांबवता येतं. नेमका डोस हृदयाच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचा, कारण बाकीची औषधं त्यांना माहीत असतात.

टाळण्याची गोष्ट म्हणजे सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन. 'एकदा टोचलं की वर्षभर बघायला नको' हाच त्याचा दोष आहे, कारण कॅल्शियम चढलं तर अंगात गेलेलं परत काढता येत नाही. २०१० च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिले, तर पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलं होतं.

पुडी किंवा गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर द्या, तेल-तूप असलेल्या. पुडी दुधात घोळवली तर ते दूध दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरा. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून डीची बेरीज करा. आठवड्याची पुडी रोजची साडेआठ हजार, कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून ५००-५०० मिळून १,०००, मल्टिव्हिटॅमिनमधून ४००: झाले जवळपास दहा हजार. हाडांच्या डॉक्टरांनी एक लिहिलेलं, फॅमिली डॉक्टरांनी दुसरं, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांखाली तेच औषध, हे नेहमीचं आहे.

सगळ्यांत धोक्याची चूक साधी असते: आठवड्याची पुडी रोज घेणं. पाकिटावर बॉलपेनने वार लिहा. 'रविवार, जेवणानंतर'. चार पुड्या आणल्या असतील तर चार तारखा.

औषधांशी कुठे अडतं

डिगॉक्सिन (हृदयाचं एक औषध) चालू असेल तर कॅल्शियम वाढणं म्हणजे ठोक्यांची लय बिघडायला निमंत्रण. मळमळ, अन्न नकोसं होणं, डोळ्यांना सगळं पिवळसर दिसणं, नाडी मंद किंवा अनियमित होणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

पाण्याच्या सगळ्या गोळ्या कॅल्शियमशी सारख्या वागत नाहीत. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मेटोलाझोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ते अंगात अडवून ठेवतात. आजार पुढे गेल्यावर टॉर्सेमाइड पुरेनासं होतं आणि डॉक्टर मेटोलाझोन जोडतात. त्या वेळी डी किंवा कॅल्शियम चालू असल्याचं सांगा आणि आठवडा-दोन आठवड्यांत कॅल्शियम बघून घ्या.

मूत्रपिंड फारच अधू असेल तर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल देतात. ही तयार, सक्रिय रूपं आहेत आणि मायक्रोग्रॅमच्या पाव-अर्ध्या मापात मोजली जातात. ती साध्या डी३ ची जागा घेत नाहीत आणि मेडिकलवाल्याच्या 'तेच आहे, घ्या' वर बदलायची नसतात. फिटच्या काही गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) आणि टीबीचं रिफाम्पिसिन डीची पातळी खाली ओढतात.

एक आजार इथे खास लक्षात ठेवावा: सारकॉइडोसिस, म्हणजे शरीरात जागोजागी दाहाच्या बारीक गाठी होणं. हा हृदयातच बसला तर तरुण वयात हार्ट ब्लॉक (ठोक्यांचा विद्युत संदेश अडणं) होतो, पेसमेकर लागतो, पंपिंग घसरतं. यात २५-हायड्रॉक्सीचा आकडा कमी येतो, पण शरीरातल्या गाठी स्वतःच सक्रिय डी तयार करत असतात. कमी आकडा बघून पुडी दिली की कॅल्शियम उसळतं. टीबीतही क्वचित हेच घडतं. निदान सारकॉइडचं असेल किंवा तसा संशय असेल, तर मूळ डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून डी सुरू करू नका.

ऊन आणि ताट

कोवळ्या उन्हात बसलं की डी मिळतं, ही घरोघरची समजूत. सकाळी सातचं ऊन अंगाला बरं वाटतं, पण डी तयार करणारे अतिनील-बी किरण त्यात जवळजवळ नसतात. खूण सोपी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते पुरेसे असतात. डिसेंबरअखेर मुंबईत ही वेळ दुपारी साडेबाराच्या आगेमागे तासभरच असते. काचेच्या खिडकीआड बसून उपयोग नाही. काच ते किरण अडवते.

आणि नेमकं तेच दुपारचं ऊन या रुग्णाला झेपत नाही. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, बीटा ब्लॉकर आणि पाण्याची गोळी घेतलेला माणूस एप्रिलच्या उन्हात बसून उठला तर बीपी उतरून चक्कर येते. ॲमिओडारोन (ठोक्यांची लय सांभाळणारं औषध) चालू असेल तर ऊन वर्ज्यच धरा: त्वचा पटकन भाजते, पुढे चेहऱ्यावर निळसर-करडी छटा येते. अशा रुग्णासाठी गोळीच बरी.

जेवणातून फार मिळत नाही. ताजा बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक, एवढेच काय ते स्रोत. सुका बोंबील किंवा खारवलेला बांगडा डीच्या नावाखाली ताटात येऊ देऊ नका. त्यातलं मीठ दोन दिवसांत पायांवर सूज आणि वजनात किलो-दीड किलोची भर घालू शकतं. '+एफ' खूण असलेल्या फोर्टिफाइड दुधात लिटरमागे दोनशे-तीनशे युनिट असतात, म्हणजे पेलाभर दुधातून पन्नासेक. दिवसाला दीड लिटर पाण्याचं बंधन असलेल्या माणसाने यासाठी दूध वाढवण्यात अर्थ नाही.

जिथे हृदयालाच फरक पडतो

हृदयाच्या स्नायूला आकुंचनासाठी कॅल्शियम लागतं. ते खूप काळ, खूप खाली राहिलं तर केवळ त्यामुळे हृदय फुगतं आणि पंपिंग घसरतं; कॅल्शियम सुधारलं की काही आठवड्यांत-महिन्यांत ते परत येतं. मोठ्या माणसांत हे दुर्मीळ आहे. पण मानेवर थायरॉइडच्या जुन्या ऑपरेशनची खूण, हातापायांना मुंग्या, बोटं वाकडी होणं, ईसीजीत लांबलेला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ दाखवणारं माप), यांतलं काही पंपिंग कमी असलेल्या रुग्णात दिसलं तर दुरुस्त कॅल्शियम त्याच दिवशी बघायला हवं.

तान्ह्या बाळांत हे जास्त दिसतं. आईलाच डीची तीव्र कमतरता, बाळ फक्त अंगावर पिणारं, आणि चार-सहा महिन्यांचं असताना धाप, फिट, इकोवर फुगलेलं हृदय. वेळेत ओळखलं तर उपचार कॅल्शियम आणि डीचाच. बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब लिहून देतात, ते थेंब चुकवू नका.

पुन्हा तपासणी, आणि कधी थांबायचं

डीची पातळी स्थिरावायला वेळ लागतो; तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासलं तर अर्धवट आकडा हाती येतो. कॅल्शियम आणि क्रिएटिनिनला मात्र एवढा धीर धरायचा नाही: आठवड्याच्या पुड्या चालू असतील तर चौथ्या आठवड्याला बघा, डिगॉक्सिन किंवा मेटोलाझोन असेल तर त्याहून आधी.

दुरुस्त कॅल्शियम १०.५ च्या वर गेलं, की डी आणि कॅल्शियम दोन्ही बंद आणि डॉक्टरांना फोन. भूक जाणं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, जास्त लघवी, गुंगी किंवा बरळणं, ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं आहेत. अडचण अशी की यांतली निम्मी 'हार्ट फेल्युअर वाढलं' म्हणून खपून जातात आणि लघवीची गोळी वाढवली जाते. त्याने अंग आणखी कोरडं पडून कॅल्शियम अजून चढतं. कॅल्शियम वाढलेल्या माणसाला एरवी 'भरपूर पाणी प्या' सांगतात. या रुग्णाने ते स्वतःच्या मनाने करायचं नाही. सलाइन किती आणि किती वेगाने द्यायचं, हे हॉस्पिटलमध्ये तोलून ठरवावं लागतं.

पातळी २० ते ३० च्या दरम्यान आली की मोठा डोस थांबवून रोजच्या ६००-८०० वर, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलं तर महिन्याच्या पुडीवर या. ५०-६० गाठण्याच्या नादी लागू नका.

रुग्ण हृदयप्रत्यारोपणाच्या यादीत असेल तर डी आणि हाडांची घनता आधीच बघून ठेवलेली बरी. ऑपरेशननंतर स्टेरॉइड सुरू होतात आणि पहिल्या वर्षात हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. मणका दबण्याचे प्रकार याच काळात होतात. तिथे डी आणि कॅल्शियम हे उपचाराचाच भाग असतात, आणि डोस प्रत्यारोपणाची टीम ठरवते.